'लुपिन द थर्ड: द फर्स्ट'वरच्या प्रतिक्रिया कशा वाचाव्यात, आणि आपली कशी लिहावी

'लुपिन द थर्ड: द फर्स्ट' या २०१९ च्या जपानी चित्रपटातल्या लुपिन या चोराचा चेहरा एकाला कमालीचा जिवंत वाटतो, दुसऱ्याला तोच चेहरा रबरी वाटतो. एक म्हणतो कथा सुटसुटीत, दुसरा म्हणतो कथा पोरकट. दोघंही मनापासून लिहीत असतात आणि बहुतेक वेळा दोघांचंही बरोबर असतं. मी अॅनिमेशनमध्ये पात्रांना हालचाल देण्याचं काम करते. संगणकावर घडवलेल्या चित्रपटांवर लोक काय म्हणतात हे वाचणं माझ्या कामाचा भाग आहे, आणि या चित्रपटावरच्या प्रतिक्रिया मी अजूनही आवडीनं वाचते. कारण पन्नासेक वर्षं हातानं काढलेल्या रेषेत जगलेला चोर इथे पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पूर्ण त्रिमितीत उभा राहिला आणि जगभरच्या लोकांना त्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं. ते सगळं वाचून त्यातून चित्रपटाबद्दल खरंच काही हाती लागावं, यासाठीची माझी पद्धत इथे लिहिते आहे.

आधी चित्रपट बघा

हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे, ९३ मिनिटांचा. प्रतिक्रिया वाचून मग बघितला तर तुम्ही नायिका लेटिशियाचे डोळेच तपासत बसाल, कारण कुणीतरी ते बाहुलीसारखे आहेत असं लिहिलेलं असतं. तेव्हा काहीही न वाचता एकदा सलग बघा. बघताना थांबवू नका, टिपणं काढू नका. संपल्यावर लगेच, नावं आठवायच्या आत, ज्या दोन-तीन जागी तुम्ही पुढे सरकून बसलात आणि ज्या एखाद्या जागी लक्ष उडालं त्या जागा लिहून ठेवा. 'छान', 'ठीक' असलं काही लिहायचं नाही. 'विमानातून पडते तो प्रसंग', 'डायरीचं कुलूप उघडतं तो प्रसंग' एवढंच.

ही यादी तुमचा ताळा. पुढे कुणाचीही प्रतिक्रिया वाचताना ती याच जागांबद्दल बोलते का, हे तुम्हाला लगेच कळेल.

जमलं तर दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा, निदान पहिली वीस मिनिटं. युजी ओनो यांचं जॅझच्या अंगानं जाणारं संगीत इतकं हुकमी आहे की ते वाजायला लागलं की प्रसंग आपोआप सळसळतो. संगीत काढल्यावर मागे काय उरतं ते बघणं हाच हालचाल पारखण्याचा सरळ मार्ग आहे.

बोलणारा कुठल्या लुपिनकडून आलाय, ते ओळखा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. या चित्रपटावरची प्रतिक्रिया बहुधा दोन लुपिनमधली तुलना असते, आणि त्यातला दुसरा लुपिन लिहिणाऱ्यानं नावानं सांगितलेला नसतो. तो तुम्ही शोधायचा.

त्यासाठी थोडी वंशावळ हवी. मूळचा सभ्य चोर फ्रेंच. मॉरिस लब्लांनी आर्सेन लुपिन १९०५ मध्ये छापील कथेत आणला. १९६७ मध्ये मंकी पंच या टोपणनावानं चित्रं काढणाऱ्या काझुहिको कातो यांनी जपानी मांगामध्ये, म्हणजे चित्रकथेत, त्याचा नातू उभा केला, तो लुपिन तिसरा. हा मांगातला नातू आजोबांइतका सभ्य नाही. तो लंपट आहे, निर्ढावलेला आहे, प्रसंगी क्रूरही आहे. १९७१ मध्ये दूरचित्रवाणी मालिका आली, तिथे हिरवं जाकीट. १९७७ च्या मालिकेत लाल जाकीट, आणि जगातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हा लालच येतो. १९७९ मध्ये हायाओ मियाझाकी यांनी त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट केला तो लुपिनवरच, 'द कॅसल ऑफ कॅग्लिओस्त्रो'. तिथला लुपिन मायाळू, थकलेला, एका मुलीसाठी जीव धोक्यात घालणारा. पुढे २०१२ च्या, लुपिनला साथही देणाऱ्या आणि फसवणाऱ्याही फुजिको या चोर बाईवरच्या मालिकेत आणि २०१४ पासून ताकेशी कोइके यांनी केलेल्या चित्रपटांत हे जग पुन्हा गडद, रक्ताळलेलं, फक्त मोठ्यांसाठीचं झालं.

आता ताकाशी यामाझाकी यांनी लिहून दिग्दर्शित केलेला २०१९ चा हा चित्रपट बघा. १९६० च्या दशकातलं फ्रान्स. ब्रेसाँ नावाच्या पुरातत्त्वज्ञाची डायरी, जी खुद्द आजोबांनाही चोरता आली नाही. आईबापांविना वाढलेली, पुरातत्त्वाचं वेड असलेली लेटिशिया. मागे लागलेले नाझी. लुपिनचं जाकीट लाल, पण मन कॅग्लिओस्त्रोतलं.

म्हणजे कॅग्लिओस्त्रोवर जीव असलेला प्रेक्षक दोनपैकी एक लिहिणार. 'पुन्हा तोच उबदार लुपिन भेटला', नाहीतर 'तेच पुन्हा, पण तितकं खोल नाही'. मांगा वाचून आलेला म्हणणार, 'हा फारच सज्जन झालाय'. कोइकेंच्या चित्रपटांवरून आलेल्याला सगळं मुलांसाठी केल्यासारखं वाटणार. आणि ज्यानं लुपिन कधीच पाहिला नाही तो म्हणणार, 'मजेदार साहसकथा, पण त्या तलवारवाल्याचं आणि टोपीवाल्याचं यात काय काम?' यातलं कुठलंही वाक्य चुकीचं नाही. फक्त कोण कुठे उभा राहून बोलतोय हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. लिहिणारा जाकिटाचा रंग काढतो का? टोळीतला तलवारवाला गोएमोन, त्याच्या तलवारीचं 'झान्तेत्सुकेन' हे नाव त्याला माहीत आहे का? लुपिनच्या कायम मागावर असलेल्या झेनिगाताला तो 'पोलीस अधिकारी' म्हणतो की 'बिचारे बाबा'? (जपानीत लुपिन त्यांना लाडानं 'तोत्त्सान' म्हणतो, आणि जुने चाहतेही तसंच म्हणतात.) चित्रपटाला तो 'अॅनिमे' (जपानी अॅनिमेशन) म्हणून मोजतोय की जगातल्या मोठ्या सीजी, म्हणजे संगणकावर घडवलेल्या, चित्रपटांच्या रांगेत ठेवून? शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. सीजी चित्रपटांवर वाढलेला प्रेक्षक इथे रोषणाई, केस, कापड बघतो. हातानं काढलेल्या अॅनिमेवर वाढलेला प्रेक्षक देहबोली बघतो. दोघांची तक्रार वेगळी, कौतुकही वेगळं.

देशादेशांत फरक पडतो तोही याच कारणानं. इटलीत लुपिन घरातला आहे. २०१५ ची मालिका तर इटली आणि सान मारिनोमध्ये घडते आणि जपानच्याही आधी ती इटलीत दाखवली गेली. इटालियन प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेत म्हणून एक हक्काचा सूर असतो. फ्रान्समध्ये लब्लांच्या वारसांच्या हक्कांमुळे या जपानी नातवाला बरीच वर्षं 'एडगर' या नावानं वावरावं लागलं. लब्लांचं निधन १९४१ चं. सत्तर वर्षं उलटून २०१२ मध्ये तिथे त्यांचं लेखन हक्कमुक्त झालं. फ्रेंच प्रतिक्रिया शोधताना 'एडगर' हे नावही टाकून बघा, नाहीतर जुन्या पिढीचे प्रेक्षक हातातून निसटतील.

विशेषणं बाजूला, प्रसंग हातात

प्रतिक्रिया वाचताना मी एक गोष्ट निष्ठुरपणे करते. ज्यात एकही प्रसंग, एकही पात्र, एकही क्षण नावानं आलेला नाही ती प्रतिक्रिया बाजूला ठेवते. ती खोटी असते असं नाही, पण तिच्यातून मला लिहिणाऱ्याचा मूड कळतो, चित्रपट कळत नाही. 'पैसा वसूल' लिहिणाऱ्याबद्दल मला आपुलकी आहे, पण त्या दोन शब्दांनी मी करू काय?

उरलेल्यांमध्ये मग प्रसंग मोजायचे. या चित्रपटाबाबतीत काही जागा पुन्हा पुन्हा येतात. डायरीचं यांत्रिक कुलूप आणि लुपिनची बोटं. लेटिशिया विमानातून खाली कोसळते आणि लुपिन तिच्यामागे झेपावतो तो प्रसंग. उत्तरार्धातलं प्राचीन अवशेषांमधलं सापळ्यांचं प्रकरण. आणि वेषांतराचा एक डाव, जो इथे फोडत नाही. या जागा तुमच्या यादीतल्या जागांशी जुळतात का बघा. जुळल्या तर प्रश्न 'आवडलं की नाही' असा राहत नाही, 'इथे असं काय घडतं की सगळे थबकतात' असा होतो.

प्रेक्षकाचा शब्द, आणि त्यामागचं कारण

दुखतं कुठे हे रोगी अचूक सांगतो, का दुखतं हे वैद्यानं शोधायचं असतं. प्रेक्षकाचंही असंच. 'काहीतरी खटकलं' हे तो शंभर टक्के खरं सांगतो. कारण मात्र अनेकदा भलतंच सांगतो, कारण अॅनिमेशनचा कारखाना त्यानं आतून पाहिलेला नसतो. या चित्रपटावर वारंवार येणारे काही शब्द घेऊ.

*'प्लास्टिक', 'मेणाचा', 'बाहुलीसारखी'.* हा शब्द आला की हालचालीकडे बघू नका, उजेडाकडे बघा. खऱ्या त्वचेत प्रकाश थोडा आत शिरतो, पसरतो आणि मग बाहेर येतो. म्हणूनच कानाची पाळी उन्हात लालसर दिसते. संगणकात हे मुद्दाम घडवावं लागतं. ते कमी पडलं तर कातडी प्लास्टिकची वाटते, जास्त झालं तर मेणाची. त्यात त्वचा अगदी गुळगुळीत ठेवली की शंका आणखी वाढते. हा शब्द कुणाबद्दल येतो तेही बघा. जवळजवळ नेहमी लेटिशियाबद्दल. लुपिनच्या चेहऱ्याला सुरकुत्या आहेत, कल्ले आहेत, लांबट जबडा आहे. नजर अडकायला जागा आहेत. लेटिशिया तरुण, गोल चेहऱ्याची, मोठ्या डोळ्यांची. तिथे लपायला जागाच नाही. टोळीतल्या टोपीवाल्या जिगेनबद्दल तर ही तक्रार जवळपास दिसतच नाही, कारण त्याचा अर्धा चेहरा टोपीखाली आणि उरलेला दाढीत.

*'डोळ्यांत जीव नाही'.* डोळ्यांचं गणित सूक्ष्म आहे. माणूस एखाद्या गोष्टीकडे बघतो तेव्हा दोन्ही बुबुळं किंचित आत वळतात, नजर हलते तशा पापण्याही हलतात, आणि स्थिर बघतानासुद्धा डोळा बारीक उड्या मारत असतो. यातलं काही राहिलं की पात्र आपल्या आरपार बघतंय असं वाटतं. ही तक्रार आली तर त्या प्रसंगात पात्र दुसऱ्या माणसाकडे बघतंय की दूर, शून्यात, हे तपासा. दूर बघतानाचा दोष आपण सहज माफ करतो. समोरच्या माणसाकडे बघतानाचा दोष माफ होत नाही.

*'वजन नाही', 'तरंगतात'.* हा माझ्या खास जवळचा विषय. उडी मारण्याआधी शरीर खाली बसतं, जमिनीवर आल्यावर गुडघा दबतो, पाऊल रुततं, खांदे एक क्षण मागून येतात. एवढं सगळं असलं की वजन. पण लुपिनच्या बाबतीत यात एक मेख आहे. रेषेतला लुपिन कधीच पूर्ण वजनदार नव्हता. तो हवेत पाय मारत धावायचा, पोहल्यासारखा पुढे सरकायचा, छपरावरून छपरावर अशक्य उड्या घ्यायचा. त्यामुळे 'वजन नाही' असं वाचलं की मी आधी विचारते, कुणाला? लुपिनला नसेल तर कदाचित ते ठरवूनच केलेलं आहे. झेनिगाताला किंवा मोटारीला नसेल तर खरा दोष. या चित्रपटात मला हा तोल बराचसा साधलेला वाटतो. विमानाबाहेरच्या त्या प्रसंगात लेटिशियाचे कपडे आणि केस वाऱ्यानं फडफडतात, ती अनोळखी हवेत सापडलेल्या माणसासारखी धडपडते, आणि लुपिन मात्र त्याच हवेत सराईत आहे. एकाच चौकटीत दोन वेगळी वजनं. लोक त्या प्रसंगाबद्दल भरभरून लिहितात. असं का वाटलं हे बहुतेकांना सांगता येत नाही, आणि ते सांगणं त्यांचं कामही नाही.

*'सतत वळवळतात', 'जास्तच अभिनय'.* हातानं काढलेल्या चित्रात पात्र पूर्ण स्थिर ठेवता येतं. एकच चित्र दोन सेकंद ठेवलं तरी ते चित्रच राहतं, आणि जपानी अॅनिमेशननं या स्थिरतेतून मोठा परिणाम साधलेला आहे. संगणकातली आकृती अशी ठप्प थांबवली की ती मेल्यासारखी दिसते. म्हणून आम्ही थांबलेल्या पात्रालाही कणभर हलतं ठेवतो. श्वास, खांद्याची हालचाल, बोटाचं टोक. यात भर म्हणजे चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. हातानं काढताना एक चित्र अनेकदा दोन किंवा तीन चौकटी टिकतं, संगणकात सहसा प्रत्येक चौकट नवी. त्यामुळे रेषेतल्या लुपिनच्या झटक्यांची सवय असलेल्या डोळ्याला हा लुपिन तेल लावल्यासारखा वाहताना दिसतो. तक्रार खरी आहे. तिचा स्रोत माध्यमात आहे. अभिनय चांगला की वाईट हा प्रश्न त्याच्या पुढचा.

*'लुपिन लुपिनसारखा दिसत नाही', किंवा नेमकं उलट, 'हा तर तोच!'* रेषेत लबाडी करता येते. समोरून काढलेलं नाक आणि बाजूनं काढलेलं नाक एकाच चेहऱ्यावर बसणारं असायला हवं असं बंधन नसतं. चित्रकार प्रत्येक कोनाला वेगळा लुपिन काढतो आणि आपला मेंदू ते सगळे एकत्र करतो. संगणकात एकच मूर्ती. ती सगळ्या कोनांतून लुपिन वाटायला हवी, नाहीतर प्रत्येक कोनासाठी तिचा चेहरा गुपचूप वाकवावा लागतो. हा चित्रपट घडवणाऱ्या मार्झा अॅनिमेशन प्लॅनेटनं २०१३ मध्ये हार्लॉक या अंतराळातल्या चाच्यावर चित्रपट केला होता, तिथे माणसं हुबेहूब खऱ्यासारखी करण्याचा ध्यास होता. इथे त्यांनी तो रस्ता धरला नाही. लांब काटकुळे पाय, मोठे हात, माकडचेष्टांचा चेहरा, सगळं व्यंगचित्राच्या जवळ ठेवलं. माझ्या मते या चित्रपटातला सर्वांत शहाणा निर्णय तो. संगणकाचं नाव ऐकून नाक मुरडणारे कितीतरी जुने चाहते चित्रपट बघितल्यावर 'हा तोच' म्हणाले, त्याचं श्रेय मी या निर्णयाला देते.

म्हणूनच प्रतिक्रिया चित्रपट बघण्याआधीची की नंतरची, हे बघणं अत्यावश्यक आहे. २०१९ मध्ये पहिली झलक आली तेव्हाची कुरकुर आणि त्याच माणसाचं नंतरचं लिखाण शेजारी ठेवून वाचता आलं तर जरूर वाचा. मत कुठे वळलं ते दिसतं, आणि ते वळण ज्या प्रसंगाशी आलं त्या प्रसंगात चित्रपटाची ताकद असते.

लेटिशिया आणि फुजिको

या दोघींवरच्या प्रतिक्रिया वेगळ्या काढून वाचा. गोंधळ सर्वांत जास्त इथेच आहे.

लेटिशियाबद्दल तीन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात मिसळलेल्या असतात. ती दिसते कशी, लिहिली कशी आहे, आणि तिच्यामुळे लुपिनच्या टोळीला किती कमी वेळ मिळाला. तिसरी तक्रार मला मान्य आहे. गोएमोन आणि जिगेन यांना इथे हजेरी लावून आपापला एकेक हात दाखवण्यापलीकडे फारसं काम नाही. पण त्याचा राग लेटिशियावर निघतो. 'कंटाळवाणं पात्र' असं वाचलं की लिहिणाऱ्यानं तिचा एखादा प्रसंग सांगितलाय का बघा. सांगितला नसेल तर बहुधा त्याला जिगेन हवा होता. याउलट, लुपिन पहिल्यांदा बघणाऱ्यांना ती अनेकदा सर्वांत जवळची वाटते, कारण त्यांच्याइतकीच तीही या टोळीला नवखी आहे. चित्रपटानं तिला दार म्हणून ठेवलं आहे. ज्यांना दाराची गरज नाही त्यांना ती वाटेत आल्यासारखी वाटते.

फुजिकोचं वेगळं. इथे ती कामसू, धूर्त, दोन्ही बाजूंना झुलवणारी आहे, पण तिचं मादक रूप बरंच आवरलेलं आहे. काहींना हे खटकतं, काहींना बरं वाटतं. या प्रतिक्रिया वाचताना लिहिणारा कुठल्या फुजिकोशी तुलना करतोय हे बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. २०१२ च्या मालिकेतली फुजिको कथेच्या मध्यभागी उभी होती. ती मनात ठेवून आलेल्या बाईचं दुःख आणि जुन्या मांगातले छचोर प्रसंग हवे असलेल्या पुरुषाचं दुःख, दोन्ही 'फुजिको फिकी पडली' याच शब्दांत येतं. दोन्हींचा अर्थ एक नाही, आणि मला पहिलीचं म्हणणं जास्त वजनदार वाटतं.

आवाज कुठला ऐकला?

मूळ जपानी की इंग्रजी डबिंग, हे कळलं पाहिजे. जपानीत लुपिन म्हणजे कानिची कुरिता. आधीचे यासुओ यामादा १९९५ मध्ये वारले, तेव्हापासून ते हा आवाज सांभाळत आहेत. जिगेनचे कियोशी कोबायाशी तर १९७१ पासूनचे. हा चित्रपट आला तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. त्यांचा आवाज थकलाय असं लिहिणारे आहेत आणि तोच थकवा ऐकून डोळे ओलावले असं लिहिणारेही आहेत. २०२१ मध्ये त्यांनी भूमिका सोडली, २०२२ मध्ये ते गेले. त्यानंतर लिहिलेल्या प्रतिक्रियांमध्ये जिगेनच्या आवाजाबद्दल कुणी कठोर बोलताना क्वचितच दिसतं. म्हणून या एका मुद्द्यासाठी तरी तारीख बघाच.

इंग्रजीत टोनी ऑलिव्हर (लुपिन) आणि रिचर्ड एप्कार (जिगेन) हे जुनेच, सरावलेले आवाज आहेत. इंग्रजी ऐकणाऱ्यांच्या प्रतिक्रियांत टोळीच्या आपसातल्या चेष्टामस्करीचं कौतुक बरंच भेटतं. ओठांच्या हालचाली मात्र जपानीशी बेतलेल्या, तेव्हा 'ओठ जुळत नाहीत' ही तक्रार वाचली की आधी भाषा विचारा.

कधी, आणि कशावर

हे थोडक्यात. जपानमध्ये चित्रपट ६ डिसेंबर २०१९ ला लागला. मंकी पंच त्याच वर्षी ११ एप्रिलला गेले होते. त्या डिसेंबरातल्या जपानी प्रतिक्रियांत निरोपाचा सूर आहे आणि तो समजून घ्यायला हवा. अमेरिकेत चित्रपट ऑक्टोबर २०२० मध्ये आला, कोविडच्या साथीच्या मधोमध. बऱ्याच जणांनी तो घरी, लहान पडद्यावर पाहिला. भव्य हाणामारीचे प्रसंग 'ठीकठाक' वाटले असं कुणी लिहिलं असेल तर पडदा कोणता होता हे विचारण्यासारखं आहे. घरात कोंडलेल्या त्या महिन्यांत पॅरिस, विमानं आणि मोकळं आकाश बघून हरखलेले प्रेक्षकही आहेत, आणि त्यांचा आनंद मला अगदी समजतो.

ताऱ्यांच्या सरासरीकडे मी फारसं बघत नाही. पाचपैकी चार देणारे आणि अडीच देणारे असे दोन गट असतील तर सव्वातीन हा आकडा कुणाच्याच मनातला नसतो. बघायचंच असेल तर चार तारे देणाऱ्यांनी काय खटकलं ते वाचा, आणि दोन तारे देणाऱ्यांनी काय आवडलं ते. माणूस आपल्या निकालाविरुद्ध जे कबूल करतो ते बहुधा फार विचार करून लिहिलेलं असतं. कमी तारे देणारे लुपिनच्या हालचालीचं कौतुक करतात आणि भरभरून देणारे खलनायक पातळ असल्याचं मान्य करतात, हे दिसलं की चित्रपटाचं खरं चित्र तयार होऊ लागतं. मलाही नाझी खलनायक तयार साच्यातून काढल्यासारखे वाटले. त्यातल्या लँबर्टपाशी, लेटिशियाला वाढवणाऱ्या एका आजोबाची गोष्ट होती. तिला आणखी पाच मिनिटं मिळायला हवी होती.

आपली प्रतिक्रिया लिहिताना

पहिल्या ओळीत आपण कोण ते सांगा. लुपिन आधी पाहिलाय की नाही, पाहिला असेल तर कुठला, या वेळी कुठल्या भाषेत आणि कशावर. एवढ्यानं तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याचं निम्मं काम होतं.

मग ती पहिल्या दिवशीची यादी काढा आणि त्यातल्या एकाच प्रसंगावर मन लावून लिहा. सगळा चित्रपट कवेत घेऊ नका. कथासार तर अजिबात नको, ते सगळीकडे मिळतं. समजा तुम्ही डायरीच्या कुलपाचा प्रसंग निवडला. त्या डायरीची चाकं, कळा, चाव्या हे सगळं संगणकात बांधलेलं आहे, त्यामुळे फिरताना त्याला धातूचं वजन आहे आणि प्रत्येक भाग कुठे बसतो ते डोळ्यांना पटतं. रेषेत हे दाखवायला चित्रकाराचा जीव निघाला असता. पण आपली नजर त्या चाकांवर जास्त राहते की लुपिनच्या चेहऱ्यावर? माझी बोटांवर राहिली. चोर जगात सर्वांत जास्त सुखी कधी असतो, तर समोर कुलूप असताना, हे त्या बोटांत दिसतं. तुमची नजर चेहऱ्यावर राहिली असेल तर तसं लिहा, आणि चेहऱ्यावर काय दिसलं ते लिहा.

खटकलेली गोष्टही अशाच तपशिलानं लिहा. 'लेटिशिया नकली वाटली' याऐवजी 'दिवसाच्या उजेडात, जवळून दाखवली तेव्हा नकली वाटली, रात्रीच्या प्रसंगांत नाही' असं लिहिलंत तर माझ्यासारख्या काम करणाऱ्या माणसाला ते सोन्याच्या मोलाचं आहे. कारण शोधायची जबाबदारी घेऊ नका. कुठे, कधी, कुणाबद्दल एवढं पुरे. आवडलेल्या गोष्टीलाही तोच नियम लावा. कौतुक मोघम असलं तरी चालतं असा एक समज आहे, पण कारागिराला मोघम कौतुकाचा मोघम टीकेइतकाच कमी उपयोग होतो.

कॅग्लिओस्त्रोशी तुलना करायची असेल तर जरूर करा, ती टाळणं अवघड आहे. फक्त प्रसंगाशी प्रसंग लावा. तिथली छपरावरची धाव आणि इथली हवेतली झेप, तिथली नायिका क्लॅरिस आणि इथली लेटिशिया. चाळीस वर्षांच्या प्रेमासमोर नवा चित्रपट उभा केला तर तो हरणारच. आणि हेही लक्षात असू द्या की कॅग्लिओस्त्रो १९७९ मध्ये आला तेव्हा तिकीटबारीवर त्यानं काही फार मोठी कमाई केली नव्हती. त्याचं आजचं स्थान पुढच्या काळातल्या प्रेक्षकांनी, पुन्हा पुन्हा बघून, घडवलं.

शेवटी गुपितांबद्दल. आजोबा आणि डायरी, लेटिशियाचं पुरातत्त्वाचं वेड, नाझी शोधाशोध, एवढं सुरुवातीलाच कळतं, त्यावर मोकळेपणानं लिहा. लेटिशियाचं डायरीशी नातं काय आणि उत्तरार्धातलं ते वेषांतर, या दोन गोष्टी वेगळ्या परिच्छेदात ठेवा आणि वर स्पष्ट सूचना द्या. वेषांतराबद्दल तर एक शब्दही आधी कळू नये असं मला वाटतं. त्या क्षणी मी बसले होते तिथे शेजारच्या अनोळखी मुलीनं माझा हात धरला होता, आणि तिला पुढचं माहीत असतं तर तिनं तो धरला नसता.